‘कास्टिंग’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न विचारणाऱ्या ताई पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या देखभाल-पुस्तिकेचं मराठी भाषांतर करत आहेत. त्या पुस्तिकेत ‘कास्टिंग’ हा शब्द एकतीस ठिकाणी आला आहे. कोशात त्यांना ओतकाम, पात्रयोजना, फेकणे, टाकणे असे चार दिशांचे अर्थ सापडले, आणि संगणकाने ‘डाय कास्टिंग’चं ‘मरणारे कास्टिंग’ करून दिलं. एकच मराठी शब्द ठरवून तो सगळीकडे वापरता येईल का, असं त्या विचारतात. पुस्तिकेतल्या अडलेल्या तीन ओळीही त्यांनी पाठवल्या आहेत.

नाही येणार ताई. पण घाबरायचंही कारण नाही. मराठीत या सगळ्या अर्थांना आपापले शब्द आधीपासून आहेत, फक्त ते कोशात कमी आणि कामाच्या जागी जास्त आहेत. मी कोल्हापूरच्या फाउंड्र्यांमध्ये, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यांत, चौतीस वर्षं काढली. पॅटर्न शॉपमध्ये लाकूड तासण्यापासून सुरुवात केली, मग मोल्डिंग, मग भट्टी, आणि शेवटची बारा वर्षं मालाची तपासणी. कामगारांसाठीच्या सूचना मराठीत लिहायचं कामही बहुतेक वेळा माझ्याकडेच यायचं. त्यामुळे हा शब्द मी हातानेही हाताळलाय आणि कागदावरही.

आधी मूळ सांगतो, म्हणजे पुढचा गुंता सुटेल. इंग्रजीतला ‘कास्ट’ हा उत्तरेकडून आलेला शब्द. जुन्या नॉर्स भाषेत ‘कास्ता’ म्हणजे फेकणे, टाकणे. बाकीचे सगळे अर्थ या एका क्रियेतून फुटलेत. आता आपल्या ‘टाकणे’कडे बघा. आपण जाळं टाकतो, गळ टाकतो, नांगर टाकतो, फासे टाकतो. मतपेटीत मत टाकतो. कुणावर नजर टाकतो, एखाद्या विषयावर प्रकाश टाकतो. साप कात टाकतो. गांडूळ माती खाऊन जे मागे टाकतं त्यालाही इंग्रजीत कास्टच म्हणतात. यातल्या प्रत्येक ठिकाणी इंग्रज माणूस ‘कास्ट’ हेच क्रियापद वापरतो. दोन भाषांचं नातं इतकं दूरचं असताना दोघींनी एकाच क्रियेला इतकी सारखी कामं लावावीत, याचं मला अजून नवल वाटतं.

यातलं सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे स्लॅब. घर बांधताना कुणी ‘स्लॅब ओतला’ म्हणत नाही. ‘उद्या स्लॅब टाकायचाय’, ‘आमचा दुसरा स्लॅब पडला’ असंच म्हणतात. काँक्रीट प्रत्यक्षात ओतलं जातं, पण गवंड्याच्या तोंडी ‘टाकणे’ आहे. त्याच साइटवर चाचणीसाठी १५० मिलिमीटरचे काँक्रीटचे ठोकळे करतात आणि ते ७ आणि २८ दिवसांनी दाबून बघतात. इंग्रजी रजिस्टरात ‘क्यूब कास्टिंग’ लिहिलेलं असतं, पण बोलताना सगळे ‘क्यूब भरले’ म्हणतात. म्हणजे एकाच साइटवर, एकाच काँक्रीटला, स्लॅबसाठी ‘टाकणे’ आणि क्यूबसाठी ‘भरणे’. भाषांतर करताना हे ऐकायला कान हवा. नुसता कोश पुरत नाही.

आता माझ्या घरात येतो. धातूच्या बाबतीत मात्र आपण ‘टाकणे’ सोडून ‘ओतणे’ धरलं, आणि ते जास्त नेमकं आहे. ‘फाउंड्री’ हा शब्दसुद्धा ‘ओतणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आलाय, म्हणजे ‘ओतशाळा’ हे त्याचं अक्षरशः मराठी रूप आहे. ओतीव काम करणारे ते ओतारी. ही नुसती परिभाषा नाही, पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणाऱ्या समाजाचं ते नाव आहे. आणि ओतीव लोखंडाला मराठीत सुरेख, दोन अक्षरी शब्द आहे, बीड. बिडाचा तवा, बिडाची कढई, बिडाचं चाक. तुमच्या पुस्तिकेत जिथे ‘कास्ट आयर्न’ आहे तिथे डोळे मिटून ‘बीड’ लिहा. गावाकडचा मोटार-पंप दुरुस्त करणारा माणूस ‘ओतीव लोह’ वाचून थबकेल, ‘बीड’ वाचून पान उलटेल.

ओतणं म्हणजे काय ते एकदा जवळून दाखवतो, कारण त्याशिवाय पुढचे अर्थ नीट उमगणार नाहीत. समजा पंपाचं कवच करायचंय. आधी त्याची लाकडाची किंवा धातूची हुबेहूब प्रतिकृती करायची, तो पॅटर्न. हुबेहूब म्हटलं खरं, पण किंचित मोठी. धातू थिजताना आणि थंड होताना आकसतो. बिडाचा आकस मीटरला साधारण १० मिलिमीटर, पोलादाचा त्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून पॅटर्न करणाऱ्याकडे वेगळी पट्टी असते. तिच्यावरचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा जरासा लांब असतो. मी कामाला लागलो तेव्हा माझ्या मेस्त्रींनी पहिल्याच दिवशी अशी पट्टी हातात दिली आणि ती घरच्या पट्टीशेजारी ठेवून बघायला सांगितली. धातूचा स्वभाव आधीच मोजून ठेवलेली ती पट्टी बघून मला या कामाची गोडी लागली.

पॅटर्नभोवती लोखंडी पेटीत रेती ठासायची. रेतीत थोडी बेंटोनाइट माती, थोडी कोळशाची भुकटी आणि तीन-चार टक्के पाणी. मूठभर रेती दाबली की लाडू वळला पाहिजे, आणि मोडला तर कडा धारदार तुटली पाहिजे. जुना मोल्डर यंत्राआधी हाताने ओल ओळखतो. पॅटर्न काढून घेतला की त्याच्या आकाराची पोकळी उरते. कवच आतून पोकळ हवं, म्हणून त्या पोकळीत रेतीचाच आणखी एक गाभा ठेवायचा, त्याला सगळे ‘कोअर’ म्हणतात. पेटीचे दोन भाग एकमेकांवर बसवायचे. मग लॅडलमधून, म्हणजे मोठ्या भांड्यातून, चौदाशे अंशांच्या आसपासचा वितळलेल्या धातूचा रस आणायचा आणि धार न तोडता ओतायचा. धार तुटली, की आधी गेलेला रस आणि नंतरचा रस एकमेकांत मिसळत नाहीत, मध्ये शिवण राहते. बाहेरून ती केसासारखी दिसते, पण पाण्याचा दाब आला की तिथूनच पाझर फुटतो. ओतताना पेटीच्या छिद्रांतून निळ्या ज्वाळा फुरफुरतात. तो वायू बाहेर पडतोय ही चांगली खूण. पेटी गप्प बसली, तर आम्ही काळजीत पडायचो, कारण वायू आतच अडकला की मालात फुगे राहणार.

कोल्हापुरात हे काम कसं वाढलं हेही थोडं सांगायला हवं. ऊस आला, गुऱ्हाळं आली, चरक आले, ऑइल इंजिनं आली. त्यांचे सुटे भाग करता करता शिवाजी उद्यमनगरातले मेस्त्री लोक कारखानदार झाले. पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले अशा वसाहती उभ्या राहिल्या. आज इथला माल मोटारगाड्यांत, ट्रॅक्टरांत, पंपांत जातो. म्हणून ‘कास्टिंग’ म्हटलं की आमच्याकडच्या पोराच्या डोळ्यांपुढे सिनेमा येत नाही, काळा-करडा जड ठोकळा येतो. आणि इथे एक बारकावा आहे. फाउंड्रीत ‘कास्टिंग’ ही क्रिया नाही, वस्तू आहे. ‘दोनशे कास्टिंगं गेली’, ‘हे कास्टिंग रिजेक्ट’. क्रियेला आम्ही ‘पोअरिंग’ किंवा ‘मेटल ओतणं’ म्हणतो. त्यामुळे तुमच्या एकतीस जागांमध्ये आधी हे बघा, की शब्द कृतीसाठी आहे की वस्तूसाठी. कृती असेल तर ‘ओतकाम’, वस्तू असेल तर ‘ओतीव भाग’.

आता ज्या मुद्द्यासाठी मी एवढं लांबलचक लिहायला बसलो, तो मुद्दा. शब्द चुकला तरी चालेल, पण ‘ओतीव’ आणि ‘घडीव’ यांची अदलाबदल करू नका. ओतीव म्हणजे रस करून साच्यात थिजवलेलं. घडीव म्हणजे लाल करून, ठोकून, दाबून आकार दिलेलं, इंग्रजीत ‘फोर्ज्ड’. दोन्ही लोखंडच, रंगही सारखाच, पण स्वभाव वेगळा. साध्या करड्या बिडात कार्बन साधारण तीन-साडेतीन टक्के असतो आणि तो ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. दाब सोसायला हे बीड उत्तम, थरथर गिळायला उत्तम, म्हणून लेथचा पाया बिडाचा करतात. पण ताण आला की प्रत्येक पापुद्रा म्हणजे आतून पडलेली चीर. बीड वाकत नाही. आधी सांगत नाही. थेट तुटतं.

मी नोकरीला लागून चारेक वर्षं झाली असतील. एका गुऱ्हाळमालकाने काहिली, म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी कढई, उचलायचा लोखंडी हुक आणला, झिजलेला होता. ‘असाच एक ओतून द्या’ म्हणाले. मूळ हुक घडीव होता. आम्ही तोच पॅटर्न म्हणून रेतीत दाबला आणि बिडात ओतून दिला. वजन तेच, आकार तोच, रंगही मारून दिला. तिसऱ्या आठवड्यात ते हुकाचे दोन तुकडे घेऊन आले. काहिली रिकामी होती आणि खाली कुणी नव्हतं, म्हणून नशीब. मी तो तुकडा हातात घेतला. तुटलेली बाजू सपाट, करडी, उन्हात साखरेसारखी चमचमणारी. कुठे ताणल्याची, बारीक झाल्याची खूण नाही. उसाच्या गरम रसाने भरलेली काहिली असती तर काय झालं असतं, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं. त्या दिवशी ‘ओतून द्या’ हा शब्द मी नीट ऐकायला हवा होता. त्यांना हुक हवा होता, ओतणं ही त्यांची बोलायची पद्धत होती. पुढे तीस वर्षं मी प्रत्येक नव्या मुलाला पहिला प्रश्न हाच विचारला: हा भाग ओढला जाणार की दाबला जाणार?

सगळंच बीड ठिसूळ, असंही नाही. रसात ठरावीक प्रमाणात मॅग्नेशियम घातलं की तेच ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात जमतं आणि बीड वाकायला लागतं. त्याला एसजी आयर्न म्हणतात. पुस्तिकेत ‘एफजी २६०’ दिसलं तर ते करडं बीड, आकडा त्याच्या ताणबळाचा, म्हणजे तुटेपर्यंत ते किती ताण सोसतं त्याचा. ‘एसजी ४००/१५’ दिसलं तर पहिला आकडा ताणबळाचा आणि दुसरा तुटण्याआधी ते किती टक्के लांबतं त्याचा. हे जसंच्या तसं ठेवा. अशा खुणांचं भाषांतर करायचं नसतं.

ओतीव-घडीव हा भेद आपल्याकडे फार जुना आहे. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याची भांडी ठोकून होतात, त्यांच्यावरचे हातोडीचे गोल ठसे हीच त्यांची सही. पितळी समई, घंटा, मूर्तीचे बरेच प्रकार ओतून होतात. तोफांतही दोन कुळं. पट्ट्या आणि कडी घडवून जोडलेल्या तोफा वेगळ्या, आणि एकसंध ओतलेल्या वेगळ्या. विजापूरची मुलूखमैदान तोफ ओतीव. ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली आणि तिचं वजन सुमारे ५५ टन भरतं. एवढा रस एका भट्टीत वितळत नाही. अनेक भट्ट्या एका वेळी तयार ठेवून, एकही न थिजवता, धार जोडत साच्यात सोडावा लागतो. आज विजेच्या भट्ट्या असूनही एवढं ओतकाम करताना आमची झोप उडेल. त्याहून कितीतरी मागे जायचं तर दायमाबाद. आजच्या श्रीरामपूर तालुक्यात १९७४ साली जमीन खणताना हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ हाकणारा माणूस अशी चार ब्राँझची शिल्पं सापडली. चारही भरीव ओतीव, एकूण वजन साठ किलोच्या वर. मेणाची मूर्ती करून, मातीने लिंपून, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा, ही ती पद्धत. संस्कृतात तिला ‘मधूच्छिष्टविधान’ म्हणतात. मधूच्छिष्ट म्हणजे मेण, मध काढून उरलेलं. एक शब्द मात्र इथे आणून जोडू नका: ‘ओतप्रोत’चा या ओतण्याशी संबंध नाही. तो विणकामातला, उभ्या-आडव्या धाग्यांचा संस्कृत शब्द आहे.

ओतकामातूनच आणखी एक अर्थ निघाला, आणि तो आज धातूला विसरलाय. छापखान्यातले खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे धातूचे ठसे, शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणातून ओतले जायचे. अँटिमनी असली की धातू थिजताना कमी आकसतो आणि अक्षराची कड रेखीव उतरते. मुंबईत जावजी दादाजींनी १८६४ मध्ये खिळ्यांची ओतशाळा काढली, त्यातूनच पुढे निर्णयसागर छापखाना उभा राहिला आणि त्यांची देवनागरी अक्षरं देशभर वाखाणली गेली. एका साच्यातून हजारो ‘क’, सगळे एकसारखे. त्याच काळात जुळवलेल्या अख्ख्या पानाचा साचा घेऊन त्याची एकसंध पत्री ओतायची रीत होती, तिला ‘स्टीरिओटाइप’ म्हणत. हा शब्द मग माणसांना लागला. नटाला पुन्हा पुन्हा हवालदारच करायला दिला की तो ‘टाइपकास्ट’ झाला म्हणतात. आपण म्हणतो ‘एका साच्यातला’, ‘साचेबद्ध’, ‘ठोकळेबाज’. तीनही शब्द आमच्या शॉप फ्लोअरवरून उचललेले वाटावेत इतके अचूक आहेत.

नाटक-सिनेमातलं कास्टिंग म्हणजे पात्रयोजना. इथे मूळ अर्थ भूमिका वाटून देणे, कुणाच्या वाट्याला काय टाकायचं ते ठरवणे. पण मराठी शब्द मला जास्त आवडतो. ‘पात्र’ म्हणजे भांडं, ज्यात काही ओतता येतं. पात्र म्हणजे नाटकातली व्यक्ती. आणि पात्र म्हणजे योग्य, लायक. पात्रयोजनेत हे तिन्ही अर्थ एकत्र काम करतात. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी, १९१३ मध्ये, दादासाहेब फाळक्यांना तारामतीच्या भूमिकेला एकही स्त्री मिळाली नाही. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत आचाऱ्याचं काम करणाऱ्या अण्णा साळुंकेंना त्यांनी तारामती केलं. पुढे १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही भूमिका साळुंकेंनीच केल्या. समोर असलेल्या माणसात भूमिका ओतायची कशी, ही दृष्टी असली तर पात्रयोजना होते. आजचा ‘कास्टिंग डायरेक्टर’ हा शब्द मात्र तसाच राहू द्या, मराठी वृत्तपत्रांतही तो रुळलाय.

वैद्यकात दोन कास्ट आहेत, आणि त्यातल्या दुसऱ्याने लोक उगाच घाबरतात. पहिला ओळखीचा, हाड मोडल्यावर घालतात ते प्लास्टर. जिप्सम तापवून त्यातलं बरंचसं पाणी घालवलं की प्लास्टर ऑफ पॅरिस होतं. पुन्हा पाणी मिळालं की ते गरम होत घट्ट होतं. डच लष्करी शल्यवैद्य अँटोनियस मॅथिसन यांनी १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला पट्टीवर हे चूर्ण चोळून ठेवायची युक्ती काढली आणि हाताची-पायाची मूर्तीच जणू जागेवर ओतता यायला लागली. मराठीत ‘प्लास्टर घातलं’, विषय संपला.

दुसरा कास्ट लघवीच्या तपासणीत. अहवालात एक ओळ असते, ‘कास्ट्स : निल’. माझ्याच मेहुण्यांनी तो कागद घेऊन मला विचारलं, ‘तुमच्या धंद्यातलं हे इथे कसं?’ प्रश्न चांगला होता, कारण ते खरोखरच आमच्या धंद्यातलं आहे. मूत्रपिंडात केसाहून बारीक नळ्या असतात. त्यांच्यात प्रथिन घट्ट होतं आणि नळीचा आकार घेऊन, नळकांड्यासारखं, लघवीवाटे बाहेर पडतं. नळी हा साचा, प्रथिन हा रस. डॉक्टर ते ओतीव नळकांडं सूक्ष्मदर्शकाखाली बघून आतल्या नळीत काय चाललंय ते ओळखतात, जसा आम्ही तुकडा बघून भट्टीत काय चुकलं ते ओळखतो. नुसते स्वच्छ, पारदर्शक कास्ट थोडे असले तर जोरदार व्यायामानंतर ते निरोगी माणसातही दिसू शकतात. त्यात तांबड्या पेशी अडकलेल्या दिसल्या तर मूत्रपिंडाला सूज असण्याची शंका घेतात. अर्थ लावायचं काम डॉक्टरांचं. मराठीत लिहायचंच झालं तर ‘मूत्रनलिकेतील साचे’ लिहू नका, साचा नळी आहे. बाहेर येतो तो ओतीव तुकडा.

आता तो शब्द, जो या कुळातला नाहीच, पण देवनागरीत लिहिला की अगदी तसाच दिसतो. जातीचा दाखला, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं ‘कास्ट सर्टिफिकेट’, ‘कास्ट व्हॅलिडिटी’. हा कास्ट पोर्तुगीज ‘काश्ता’वरून आला, म्हणजे वंश, कूळ, वाण. पोर्तुगीज १५१० पासून गोव्यात होते, त्यांनी इथल्या जातींना आपला शब्द लावला आणि तो पुढे इंग्रजीत गेला. जुन्या इंग्रजी लिखाणात त्याचं स्पेलिंगही फेकण्याच्या कास्टसारखंच आढळतं, इतका घोटाळा जुना आहे.

या घोटाळ्याची एक गोष्ट माझ्या मनात कायम राहिली आहे. आमच्या एका जुन्या कारखान्यात मालाच्या रजिस्टरात रकाना होता, ‘कास्ट नं.’. भट्टीतून एका वेळी उतरलेल्या रसाचा क्रमांक त्यात लिहायचा, म्हणजे पुढे दोष निघाला तर कोणत्या रसाचा माल ते कळतं. एक नवा मुलगा कामावर आला. हुशार, शांत, अक्षर मोत्यासारखं. पहिल्या दिवशी त्याने विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही. संध्याकाळी मी रजिस्टर उघडलं तर त्या रकान्यात एक लांबलचक नंबर, खिशातल्या झेरॉक्सवरून उतरवलेला. त्याच्या जातीच्या दाखल्याचा. शाळेत, कॉलेजात, वसतिगृहात, प्रत्येक कागदावर त्याला ‘कास्ट’ विचारलं होतं, इथेही तेच विचारतायत असं त्याला वाटलं. मी त्याला खरा अर्थ सांगितला तेव्हा त्याने मान खाली घातली. चूक त्याची नव्हती. चूक त्या रकान्याची होती. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या रजिस्टरांवर कागद चिकटवून ‘ओत क्रमांक’ लिहिलं. साहेबांनी विचारलं, हे काय नवीन. मी म्हटलं, ज्यांनी भरायचंय त्यांना कळायला हवं. तो शब्द अजून तिथे चालतो, आणि तो मुलगा आज मेल्टिंगचा इनचार्ज आहे. ताई, तुम्ही जे करताय ते किती महत्त्वाचं आहे हे मला त्या दिवशी कळलं.

उरलेले अर्थ भराभर सांगतो. ‘ब्रॉडकास्ट’ हा मूळचा शेतीतला शब्द, बी हाताने दूरवर विखरून पेरणे. आपल्याकडे त्याला ‘फोकून पेरणे’ म्हणतात, खतही फोकून देतात. रेडिओने तो उचलला, आपण ‘प्रसारण’ केलं. दूरचित्रवाणीसाठी केलेलं ‘प्रक्षेपण’ तर थेट ‘क्षिप्’, म्हणजे फेकणे, या धातूवरूनच आलंय, तेव्हा ज्यांनी तो शब्द रूढ केला त्यांना मानलं पाहिजे. मोबाइलवरचा व्हिडिओ टीव्हीवर दाखवायला ‘कास्ट’चं बटण असतं, आणि घरातली पोरं शिकवल्याशिवाय म्हणतात ‘टीव्हीवर टाक’. संगणकाच्या आज्ञावलीत ‘टाइप कास्टिंग’ म्हणजे एका प्रकारची किंमत दुसऱ्या प्रकारच्या साच्यात बसवणं. ३.९ ला पूर्णांकाच्या साच्यात घातलं की बऱ्याच संगणकभाषांत ३ उरतात, दशांशाचा भाग साच्याबाहेर सांडतो. विणकामात टाके घालणे आणि बंद करणे, दोन्हीकडे इंग्रजीत कास्ट. सभेत समसमान मतं पडल्यावर अध्यक्ष देतो ते ‘कास्टिंग व्होट’, मराठीत निर्णायक मत. राज्यघटनेच्या कलम १०० नुसार लोकसभेचे अध्यक्ष एरवी मत देत नाहीत, बरोबरी झाली तरच देतात. जन्मपत्रिकेलाही इंग्रजीत ‘कास्ट’च लावतात, पण पत्रिका आपण टाकत नाही, मांडतो.

आणि ‘डाय’बद्दल, कारण तिथेच तुमचं संगणकीय भाषांतर घसरलं. ‘द डाय इज कास्ट’ या म्हणीतला डाय म्हणजे सोंगटीचा फासा. रुबिकॉन नदी ओलांडताना सीझर म्हणाला म्हणतात ते, फासा पडला. त्याचा साच्याशी संबंध नाही. ‘डाय कास्टिंग’मधला डाय मात्र पोलादी कायमचा साचा. रेतीचा साचा एकदाच वापरता येतो, माल काढताना तो मोडावाच लागतो. पोलादी साच्यात अॅल्युमिनियम किंवा जस्ताचा रस दाबाने घुसवतात आणि तोच साचा हजारो वेळा वापरतात. मराठीत ‘पोलादी साच्यात दाबाने ओतलेला’ असं एकदा समजावून द्या आणि पुढे ‘डाय-कास्ट’ ठेवा.

आता तुम्ही पाठवलेल्या तीन ओळींबद्दल. पहिली, ‘कास्टिंगला तडा आहे का ते तपासा’: ‘बिडाच्या भागाला तडा आहे का ते तपासा’. दुसरी, ‘कास्टिंगवर हातोडा मारू नका’: हीसुद्धा तशीच, पण ‘बीड वाकत नाही, फुटतं’ एवढी चार शब्दांची भर घाला, कंपनी नाही म्हणणार नाही. तिसरी, ‘कास्टिंग डेट’: ‘ओतल्याची तारीख’. ती सहसा भागावरच उठावाच्या अक्षरांत असते, वाचकाला कुठे शोधायची ते सांगा.

शेवटी एक गोष्ट करा. मूळ पुस्तिका घेऊन एकतीसही जागा पुन्हा नीट वाचा. पंपाच्या पुस्तिकेत ‘कास्टिंग’ आणि ‘केसिंग’ शेजारी शेजारी असतात, इंग्रजीत फक्त एका अक्षराचा फरक, आणि टंकलेखनात ते अक्षर गळतं किंवा घुसतं. केसिंग म्हणजे पंख्याभोवतीचं कवच. ते बहुतेक वेळा ओतीवच असतं, म्हणून चुकलेलं वाक्यही वाचताना बरोबर वाटतं. ‘केसिंगचे बोल्ट सोडवा’च्या जागी ‘कास्टिंगचे बोल्ट सोडवा’ छापलं गेलं असेल, तर खोलणाऱ्याला पाया, बेअरिंगचं घर आणि कवच यातलं नेमकं काय सोडवायचं तेच कळणार नाही, कारण ते तिन्ही कास्टिंगच. जिथे शंका येईल त्या पानाशेजारी आकृती असते, तिच्यातला भाग क्रमांक जुळवून बघा. तरीही अडलं तर वाक्य आणि भाग क्रमांक पाठवा, मी बघून सांगतो.